अकरा कॅन, दहा रबर

जीपच्या मागच्या हौद्यात दुधाचे अकरा कॅन होते. आठ भरलेले, एक निम्मा, दोन रिकामे. झाकणं अकरा होती, पण झाकणाखालचे रबर दहाच. भरलेल्या कॅनमधल्या दुधाचा आता कुणाला उपयोग नव्हता. सकाळी चिलिंग सेंटरवर ते तपासून परत दिलं होतं. ०.१७ टक्क्यांच्या वर आंबटपणा गेलेलं दूध तिथं घेत नाहीत आणि हे ०.१९ निघालं होतं. बांबवड्याबाहेर चन्नाप्पा मिस्त्रीच्या शेडसमोर जीप उन्हात उभी होती, कॅनच्या काठांवर माश्या बसत होत्या, आणि जीप चालवणारा कृष्णात बॉनेटला पाठ टेकून नुसता उभा होता.

पंधरवड्यात दूध परत येण्याची ही दुसरी खेप. तिसऱ्यांदा परत आलं तर वाडीचं दूध दुसऱ्याच्या टेम्पोत जाणार, असं सेंटरवर सांगितलं होतं. टेम्पो वाडीपर्यंत चढत नाही. म्हणजे चौतीस घरांनी रोज पहाटे किटल्या घेऊन दोन किलोमीटर उतरून डांबरी रस्त्यावर यायचं. शहाण्णव सालची ही जीप चारी चाकांनी तो चढ ओढायची म्हणून तर बावीस वर्षं दूध दारातनं उचललं जात होतं. घराघरात जाऊन ‘दूध परत आलं’ हे सांगायचं काम कृष्णातच्या थोरल्या बहिणीकडं, आक्काकडं होतं. वाडीचं माप तीच घ्यायची. आत्ता ती पुढच्या सीटवर पदरानं वारा घेत बसली होती.

“तू आन् तुजी गाडी, दोगंबी सारकीच,” ती म्हणाली. “चढ आला की दम खाताय.”

खरं तर गाडीचं दुखणं तसंच होतं. वाडीवरनं निघाल्यावर गाडी नीट चालायची, मग अकरा-बारा किलोमीटरवर उचक्या द्यायची आणि बंद पडायची. खाली उतरून, बॉनेट उचलून डिझेल ओढायचा छोटा हातपंप अंगठ्यानं मारायचा, साठ-सत्तर वेळा, मग चालू व्हायची. तीन-चार किलोमीटरवर पुन्हा तेच. पाऊण तासाच्या वाटेला दोन तास लागायचे आणि मागं दूध तापत राहायचं. हातपंप मारून उजव्या अंगठ्याला फोड आला, फुटला, आता त्याचा घट्टा झाला होता.

“डिझेलचा पंप गेलाय मिस्त्री. दुसरं काय असणार?”

“पंप चांगला हाय,” चन्नाप्पा म्हणाला. तो मूळचा कुरुंदवाडकडचा, साठीचा माणूस. बोलताना हातातला पाना पुसत राहायचा. “उद्यमनगरच्या पंपवाल्याकडनं दोनदा खोलून बांधून आणलास. दोनदाबी त्यास्नी काय गावलं न्हाय. बऱ्या माणसाचं पोट दोनदा फाडून आणलंस बग.”

“मग बंद का पडती?”

“तिलाच इचार. माझ्या दारात आली की शाण्या सुनंगत वागती.”

दुपारभर त्यानं एकेक गोष्ट बाजूला काढली. आधी पाच लिटरचा डबा बॉनेटच्या वर टांगला आणि नळीनं डिझेल थेट पंपाला दिलं. गाडी चाळीस मिनिटं एका सुरात चालली. म्हणजे पंपापासून पुढं सगळं ठीक. दोष मागं, टाकी आणि पंप यांच्यामध्ये. मग लाईन सोडवून हवेनं फुंकली, साफ निघाली. फिल्टर नवाच होता. फिल्टरच्या अलीकडं नळीचा पारदर्शक तुकडा जोडून बघितला. लाईन कुठं एअर धरत असती तर त्यात बुडबुडे दिसले असते. एकही दिसला नाही. टाकी काठोकाठ भरून झाकण लावलं, गाडी पाच मिनिटं चालू ठेवली, चाललीच.

“आता ऱ्हायलं काय?” कृष्णातनं विचारलं.

“ऱ्हायलास तू,” चन्नाप्पा म्हणाला, आणि आक्का हसली. “चल. आता मी कशालाबी हात लावत न्हाय. रोज जातोस तसा चालव. मी नुसता मागं बसतो.”

आंबा घाटाच्या रस्त्याला लागले. कृष्णातची नजर सवयीनं किलोमीटरच्या आकड्यावर होती. नऊ झाले, दहा झाले. चन्नाप्पा मागं नासक्या दुधाच्या कॅनमध्ये गुडघे आखडून बसला होता आणि वासाला शिव्या देत होता. ११.४ वर चढाला गाडीनं पहिली उचकी दिली, मग दुसरी, आणि थांबली.

कृष्णात उतरला. त्यानं बॉनेट उचललं आणि अंगठा हातपंपावर ठेवला. इतक्या वेळा केलेलं काम की त्यात आता चीडही उरली नव्हती.

“थांब. मारू नको,” चन्नाप्पा म्हणाला. “आदी टाकीतलं डिझेल किती उतरलंय बग.”

टाकीचं झाकण घट्ट बसलं होतं. कृष्णातनं दोन्ही हातांनी पिळलं तेव्हा ते सुटलं, आणि सुटताना आत काहीतरी लांब ओढल्यागत वाजलं, सुस्स करून.

“कॅन उगडलास व्हय रं?” आक्कानं सीटवरनंच विचारलं.

“न्हाय. टाकी हाय.”

“कॅनच वाजला की. कोमट दूध भरून झाकण ठोकलं आन् मग गार झालं की असंच वाजतं. चाळीस वर्सं उगडतीया, मला सांगतोस व्हय. आतनं धरून ऱ्हातं त्ये.”

चन्नाप्पाचा पाना पुसणारा हात थांबला.

“झाकण हिकडं आण.”

त्यानं ते उलटं केलं. आत पांढऱ्या रबराचं वेटोळं होतं, कडेला नेमकं कापून बसवलेलं. मधोमध, जिथं सुईएवढं भोक असतं, तिथं त्याच रबराचा नखाएवढा तुकडा आतनं ठोकून वर पंक्चरचं सोल्यूशन फासलं होतं. काम सुबक होतं.

“हे कुणी केलं?”

कृष्णातनं घट्टा पडलेला अंगठा त्या तुकड्यावरनं फिरवला. “म्याच. चढाला त्या भोकातनं डिझेल बाहेर यायचं. सेंटरवरची पोरगी म्हणाली, काका, तुमच्या दुधाला डिझेलचा वास येतोय. म्हणून कॅनचा रबर काढून बसवला. कॅनला कसं, हवा जाता कामा न्हाय.”

“कॅनला न्हाय. टाकीला जायाच पायजे,” चन्नाप्पा म्हणाला. “डिझेल जेवडं बाहेर जाईल तेवडी हवा आत आली पायजे. तू तिचं नाक दाबलंस. ती ओडंल तेवडं ओडती, मग दम लागतो. तू हितं हातपंप मारत बसतोस, तवर कुटनंतरी हवा झिरपती, आन् तुला वाटतं पंपानं चालू झाली.”

“कदी बसवलास?” आक्कानं विचारलं.

“महिना झाला.”

“आन् गाडी कदी बिगडली?”

कृष्णात रस्त्याकडेच्या दगडावर बसला. उद्यमनगरच्या दोन खेपा, घाटातले हातपंप, परत आलेलं दूध, सगळं त्याच्या डोळ्यांपुढं एका ओळीत येऊन उभं राहिलं, आणि ओळीच्या सुरुवातीला कात्री घेऊन रबर कापत बसलेला तो स्वतः. स्वतःचा राग यायलासुद्धा अंगात थोडं बळ लागतं. ते नव्हतं.

“माजंबी चुकलं,” चन्नाप्पा म्हणाला. “चारदा हे झाकण काडून बाजूला ठेवलं. उलटं करून एकदाबी बगितलं न्हाय. आन् झाकण काडलं की हवा आत. म्हणून माझ्या दारात ती शाणी.”

“दुधापायीच केलंस की,” आक्का म्हणाली. “ऊठ आता. उन्हात बसून काय हुणार हाय?”

शेडवर परत आल्यावर चन्नाप्पानं रबर काढला, भोक मोकळं केलं आणि त्यात तांब्याची बारीक नळी बसवून तिचं तोंड वर नेऊन खाली वाकवलं. हवा आत जाईल, डिझेल बाहेर येणार नाही. वेटोळं त्यानं आक्काच्या हातात दिलं. ते आता कॅनला बसण्याजोगं नव्हतं. कृष्णात आणि आक्कानं मागचं दूध ओढ्याकडेच्या खड्ड्यात ओतलं. साडेआठ कॅन. दोघांनीही त्याकडं बघायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे चौतीस घरांपैकी एकतीस घरांनी दूध घातलं. तीन घरं आली नाहीत. आक्कानं त्यांच्याकडं जाऊन विचारलंही नाही. सहा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी जीप वाडीवरनं निघाली. ११.४ आलं तेव्हा कृष्णातचा उजवा हात आपोआप दाराच्या कडीवर गेला आणि तिथंच राहिला. बारा आले. पंधरा आले. आक्का सीटवर डुलक्या घेत होती.

सेंटरवर ते सात वाजून सोळा मिनिटांनी पोचले. प्रेरणानं, तपासणीवरच्या त्या पोरीनं, झाकण उघडून आधी वास घेतला, मग दूध ढवळून नमुना घेतला आणि काचेच्या नळीतनं तपासणीचं औषध त्यात थेंब थेंब सोडत गेली. दूध फिकट गुलाबी झालं तेव्हा ती थांबली. तिनं आकडा वाचला, पुन्हा एकदा वाचला आणि वहीत लिहिला.

०.१४.