अंधाराचा ठोका

लाल बल्ब उडाला तेव्हा माझ्या चिमट्यात माशाच्या डोळ्यातलं दृष्टिपटल होतं, कांद्याच्या आतल्या पापुद्र्याइतकं पातळ. प्रयोगशाळेतल्या आमच्या अंधाऱ्या खोलीत तेवढाच उजेड असायचा. माशांना तो दिसत नाही असं सरांनी पस्तीस वर्षांपूर्वी ठरवलं होतं, आणि आम्ही सगळे तसंच धरून चाललो होतो.

दुसरा बल्ब शोधत बसले असते तर पटल मेलं असतं. घरी आठ महिन्यांच्या लेकीचे लंगोट मी दिवा न लावता बदलते, ती जागी होऊ नये म्हणून. तेच हात इथे चालवले. चाचपत पटल ठोके टिपणाऱ्या तारांच्या जाळीवर पसरलं आणि ठोक्यांची वाट बघत बसले.

मिट्ट अंधारातही पटलातल्या काही पेशी संथ ठोके देत राहतात, हा सरांचा शोध. स्पीकरवर ते टक्, टक् ऐकू येतात. सरांचं नाव, त्यांची व्याख्यानं, आम्हा नऊ विद्यार्थ्यांच्या पीएचड्या, सगळं त्या टक् टक् वर उभं होतं.

स्पीकर गप्प होता.

पटल मेलं म्हणावं, तर टॉर्च दाखवताच ते तडतडून बोललं. नवा बल्ब लावला, ठोके सुरू झाले. बंद केला, गप्प. अकरा माशांवर करून पाहिलं. मासे लाल उजेड बघत होते आणि आम्ही त्याला अंधार म्हणत होतो.

दोन आठवडे पोटात ठेवलं. शेवटी नवऱ्याला सांगितलं, तर लेकीला खांद्यावर थोपटत तो म्हणाला, "सर पंच्याहत्तरीला आलेत. थोडं थांब, त्यांच्या माघारी छाप की." मलाही तेच सुचलं होतं, म्हणून त्याच्यावर जरा जास्तच चिडले.

सर निवृत्त झालेत, तरी दर मंगळवारी येतात, आमच्या टेबलांवरचा पसारा बघून नाक मुरडायला. त्या मंगळवारी मी त्यांना सांगून टाकलं.

"झोप होत नाही तुझी," ते म्हणाले. "बाळ मोठं होऊ दे, हात बसेल परत."

"सर, तुम्हीच बसा ना एकदा."

बसले. मी बल्ब बंद केला. दहा मिनिटं त्यांच्या श्वासाशिवाय काही ऐकू आलं नाही.

"लाव."

टक्, टक्, टक्.

"बंद कर."

असं पाच-सहा वेळा झालं. मग त्यांनी 'लाव' म्हणायचं सोडून दिलं. अंधारातूनच म्हणाले, "घुबड."

"काय, सर?"

"एक मुलगा होता माझ्याकडे, तुमच्या कितीतरी आधी. तो बल्ब न लावताच काम करायचा, म्हणून सगळे घुबड म्हणायचे. चार वर्षं राबला, पण त्याला ठोके कधी मिळालेच नाहीत. मी म्हटलं, बाबा रे, तुझा हात या कामाचा नाही. दुसरं काहीतरी बघ."

"मग?"

"मग काय. गेला."

दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांना विचारत मी त्याचा नंबर मिळवला. औषधं विकत गावोगाव फिरायचा म्हणे, आता गुडघ्यांमुळे घरी असतो. सरांसमोरच फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"तुझं बरोबर होतं," सरांनी नमस्कार-चमत्कारही केले नाहीत. "ठोके नसतातच अंधारात. माशांना लाल उजेड दिसतो. मी चुकलो."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो कुणीतरी बारीक केला.

"कसले ठोके, सर? किती वर्षं झाली. मला काही आठवत नाही आता."

"अरे, चार वर्षं तू..."

"खरंच नाही आठवत. तब्येत काय म्हणतेय तुमची?"

"बरी आहे," सर म्हणाले. मी फोन बंद करायला हात नेला.

"किती माशांवर पाहिलं?" पलीकडून प्रश्न आला.

"अकरा," मी म्हणाले.

"माझे एकोणीस होते."

सर पुढे वाकले. "वह्या आहेत तुझ्या? तुझ्या नावानं छापू. पहिलं नाव तुझं."

"बायकोनं जपल्या होत्या, सर. गेल्या वर्षी घर बदललं, तेव्हा मीच रद्दीत घातल्या."