फुलसिंगचं बोकड

पूनमसिंगचं तोंड एकदा सुटलं की गंगीला वाटायचं, याच्यापेक्षा दारचं कुत्रं बरं, निदान खाताना तरी गप्प असतं. कापसाच्या पऱ्हाटीचं खुंट घुसून याची टाच पिकली होती, आणि हा शहाणा सरकारी दवाखान्यात बसून बायकोच्या माहेराची उणीदुणी काढत होता.

आभा डॉक्टरीण धीराची. तिनं विचारलं, "काका, याआधी कधी सुईनं, गोळीनं त्रास झाला होता?"

"मले? आपल्याले गोटे पचते, बाई. फक्त साळ्याचं मटन पचत नाई."

गंगीनं मान खाली घातली. दोन होळ्यांमागे दिग्रसला तापाची सुई घेऊन हा तसाच तिच्या भावाकडे, फुलसिंगकडे, जेवायला बसला होता. दोन घास खाल्ले नाहीत तोच ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. फुलसिंगनं मेलेलं बोकड चारलं, अशी यानं तांडाभर दवंडी पिटली. तेव्हापासून गंगीला राखीलाही माहेरी जाऊ दिलं नाही. तिला स्वतःलाही भावाची शंका यायची आणि त्या शंकेची लाज वाटायची.

सिस्टरनं सुई दिली. डॉक्टरीण म्हणाली, "अर्धा तास इथंच बसा."

"बसून काय अंडे उबवाचे?" म्हणत गडी लंगडत समोरच्या टपरीवर गेला. गंगी मागोमाग.

बाकावर टेकतो न टेकतो तो खाजवायला लागला. ओठ फुगले, आवाज जाड झाला. "चहात काय टाकलं रे?" असं तो टपरीवाल्यावर गुरगुरला. चहा अजून पातेल्यातच होता.

गंगी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. तेच ओठ, त्याच गांधी. आज तर मटण नव्हतं. होती फक्त सुई.

"डॉक्टरीनबाई, धावा," ती ओरडली. "यायचा दम कोंडून राह्यला."

स्ट्रेचरवर घालून त्याला आत नेलं, तेव्हा त्याचे डोळे फिरले होते. डॉक्टरणीनं एका नजरेत ओळखलं. आडवा केला, पाय उंच केले, मांडीत अ‍ॅड्रेनॅलिन टोचलं, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला. थोड्या वेळानं पुन्हा टोचलं. जन्मभर ज्याचा राग राग केला, त्याचा गार हात धरून गंगी उभी होती. हा मेला तर भांडायचं कोणाशी, हेच तिच्या मनात येत होतं.

हळूहळू श्वास मोकळा झाला. गंगीनं दिग्रसची हकीकत सांगितली.

"काकू, यांना पेनिसिलीन चालत नाही," डॉक्टरीण म्हणाली. "तेव्हाही तेच दिलं असेल. पुन्हा दिलं तर जीव जाईल. कुठंही गेलात तरी आधी हे सांगायचं. आज यवतमाळला पाठवते, तिथं रात्रभर लक्ष ठेवतील."

"मंग मटन?"

"मटणाचा काय दोष?"

गंगीनं तिथंच भावाला फोन लावला. "भिया, हे काई सांगून राह्यले, आयक," म्हणत तिनं फोन नवऱ्याच्या तोंडाशी धरला आणि मास्क जरासा उचलला.

पूनमसिंगनं छताकडे पाहिलं. भिंतीकडे पाहिलं. गंगीचा हात काही हलेना.

"फुलसिंग, ते सुईनं झालतं," तो शेवटी पुटपुटला. "तुया बोकडानं नाई." मग दम घेऊन म्हणाला, "पन मीठ जास्तच होतं."

गंगीनं मास्क परत त्याच्या तोंडावर बसवला.