त्याला इथेच थांबवायचं होतं

शिव्या खाणं हे माझं कामच आहे म्हणा ना! मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बायका आमच्या आधारगृहात राहतात आणि त्यांचे नवरे फोनवरून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. या कानाने ऐकायचं, त्या कानाने सोडून द्यायचं. पण आज सकाळी त्यातलाच एक माझ्या बिल्डिंगखाली स्कूटरला टेकून उभा. परवा त्याच्या बायकोसोबत मी कोर्टात गेले होते, तिथूनच माझा माग काढला मेल्याने.

"निघालात का ताई? चला, मी येतो मागोमाग."

मी आल्या पावली घरात परतले. जिच्या मागावर कोणी आहे, तिने आधारगृहाकडे फिरकायचं नाही, हा आमचा नियम. आमच्या मोठ्या बाईंना फोन लावला.

"पोलिसांना कळवते," त्या म्हणाल्या, "पण त्याच्या बायकोला आजच दुसऱ्या गावी हलवतोय. पोराचा दाखला घ्यायला ती आत्ता शाळेत गेलीय."

ती शाळा याला ठाऊक होती. रोज तिथे चकरा मारायचा.

इतक्यात खाली स्कूटर सुरू झाली. मी धावत गॅलरीत गेले.

"काय रे, पळालास? दम संपला?"

झालं! स्कूटर बंद करून त्याने तोंडाचा पट्टा सोडला. मी घरफोडी, मी दलाल, मी आणखी काय काय. शेजारी दारं-खिडक्या उघडून बघू लागले. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मीही शब्दाला शब्द देत राहिले.

सासूबाई बाहेर आल्या. "अगं, चार लोकांत काय ही शोभा! आणि तू तर शिवणक्लासात जातेस ना?"

कामाची जागा आम्ही घरीसुद्धा सांगत नाही.

"आई, नंतर सांगते सगळं. आत्ता याला जाऊ द्यायचं नाहीये."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग पदर खोचला आणि कठड्यावरून वाकून ओरडल्या, "काय रे मुडद्या, तुला आया-बहिणी नाहीत का?"

एवढ्या टेन्शनमध्येही मला हसू फुटलं.

अखेर मोठ्या बाईंचा मेसेज आला. दाखला मिळाला, दोघं गाडीत बसली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. त्याने वर पाहिलं, आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणला.

"तुमची लेक दोन वेण्या घालते, नाही का? निळ्या बसने जाते."

तो निघून गेला. पोलिसांचा फोन आला, तोही कसला? "त्याने अजून काही केलेलं नाही ना, ताई?"

लेकीची शाळा गाठायला मी अनवाणीच जिना उतरत होते. मागून सासूबाई माझ्या चपला घेऊन येत होत्या. त्याच्या बायकोला इतके दिवस मी सांगत होते, घाबरू नकोस म्हणून. कुठल्या तोंडाने सांगत होते, कोण जाणे.