आईचा आवाज स्पीकरवर काढताना

मंगळवारी सकाळी आईचं स्वरयंत्र काढणार होते. रविवारी दुपारी पप्पा म्हणाले, "गण्या, तुझ्या कॉम्प्युटरवरून हिचा आवाज मोठा करून दे. मला एकदा ऐकायचाय."

मी माण गावातल्या एका कंपनीत हेल्पडेस्कला आहे. परदेशातल्या लोकांचे रुसलेले प्रिंटर काळेवाडीत राहून चालू करून देतो. त्यामुळे घरच्यांचा समज आहे की मला काहीही दुरुस्त करता येतं. मी तो समज कधी दुरुस्त केला नाही.

पप्पांचे कान महाळुंग्याच्या एका प्रेस शॉपमध्ये गेले. सव्वीस वर्षं ते मशीनसमोर उभे राहिले आणि दर चार सेकंदांनी त्यांच्यासमोर पत्र्यावर प्रेस आपटत राहिला. आईचा गळा मिश्रीनं गेला. डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू खाता का?" आई म्हणाली, "छे छे. मी कुठं खाते? नुसती मिश्री लावते." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलायचे. खालच्या मजल्यावर नवीन राहायला आलेला एक माणूस एकदा भांडण सोडवायला धावत वर आला होता. आई पप्पांना भाजीत मीठ बरं आहे का, एवढंच विचारत होती. त्यानं मध्यस्थी केली, भाजी खाल्ली आणि मीठ बरं आहे असं सांगून गेला.

गेल्या चार महिन्यांत आईच्या आवाजाचा पाचोळा झाला. ती बोलायची ते मला जेमतेम कळायचं, पप्पांना मुळीच नाही. पप्पांनी कानाचं मशीन घेऊन पाहिलं होतं. त्यात आई सोडून सबंध काळेवाडी ऐकू यायची, म्हणून ते कपाटात गेलं.

"ती काय म्हणते ते मला तोंडाकडं बघून कळतं," पप्पा म्हणाले. "लिपी वाचल्यासारखं. पण आवाज कुठं कळतो? परवानंतर तर नसणारच."

मी म्हणालो, रेकॉर्ड करू. सोपं पडेल, नंतर हवा तेवढा वाढवता येईल. आईनं हात जोरजोरात हलवला. शेजारच्या इंदुताईंच्या मालकांचं रेकॉर्डिंग त्यांच्याच दहाव्याला स्पीकरवर लावलं होतं. कुठल्याशा लग्नातलं होतं. त्यात ते म्हणाले, "बसा, बसा, जेवल्याशिवाय जायचं नाही," आणि श्रद्धांजलीची भाषणं राहिली बाजूला, निम्मे लोक पंगतीला जाऊन बसले.

"रेकॉर्डिंग गेलेल्याचं ऐकतेत," आई खरखरत म्हणाली. "मी हाय अजून."

म्हणजे आता बोलायचं आणि आताच ऐकायचं. माझ्याकडे कॉलरला लावायचा माईक होता. तो आईच्या पदराला लावला, वायर कॉम्प्युटरला जोडली आणि पप्पांना स्पीकरसमोर बसवलं. पप्पांनी त्यासाठी शर्ट बदलला होता.

आई बोलली. काहीच आलं नाही.

माईक चालू असला तरी त्याचा आवाज आपोआप स्पीकरमधून येत नाही. सेटिंगमध्ये एका चौकोनात टिक करावी लागते. ही गोष्ट मी जगभरातल्या लोकांना समजावून सांगितली आहे. स्वतःच्या घरात ती आठवायला मला वीस मिनिटं लागली. टिक केली, आई पुन्हा बोलली. स्पीकर गप्प. पण पडद्यावरची हिरवी पट्टी हलत होती, म्हणजे आवाज कुठंतरी जात होता.

तेवढ्यात खालून हाक आली. बिल्डिंगच्या तळाला, आमच्याच खिडकीखाली विक्कीचं सलून आहे.

"गणराज भावा! तुझी मम्मी माझ्या दुकानात बोलायलीय!"

गणपतीत मी त्याचा ब्लूटूथ स्पीकर कॉम्प्युटरला जोडला होता. कॉम्प्युटरनं ती ओळख जपली होती.

"काय म्हणाली?" मी खिडकीतून विचारलं.

"म्हणाली, त्या विक्कीनं ह्यांचे केस उंदरानं कुरतडल्यासारखे कापलेत!"

"गिऱ्हाईक आहे का?"

"होतं ना राव! अर्धी दाढी झालीय, तसंच बाहेर जाऊन उभंय. बाई कुठून बोलली म्हणतंय." मग जरा थांबून तो म्हणाला, "काकूंचा आवाज लई क्लिअर येत होता पण."

पप्पांनी मला विचारलं, विक्की काय म्हणतोय. मी त्यांच्याकडे तोंड करून म्हणालो, "त्याला ऐकू आलं."

"त्याला कशाला?" पप्पा म्हणाले.

मी ब्लूटूथ बंद करून आपले वायरचे स्पीकर निवडले आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला. यावेळी स्पीकरमधून अशी किंचाळी निघाली की समोरच्या बिल्डिंगमधली कबुतरं उडाली. माईकचा आवाज स्पीकरमध्ये, स्पीकरचा पुन्हा माईकमध्ये. पप्पांचा चेहरा उजळला.

"आलं! आलं ऐकू!"

"पप्पा, ती आई नाही."

"नाही का," पप्पा म्हणाले आणि परत नीट बसले.

किंचाळी थांबावी म्हणून मी गोंगाट गाळायची सोय चालू केली. पंखा, हॉर्न, कुकर असलं काही आलं की कॉम्प्युटर ते कापून टाकतो आणि माणसाचा आवाज तेवढा ठेवतो. किंचाळी थांबली. मी बोलून पाहिलं, माझा आवाज आला. पलीकडच्या घरातलं रडणारं बाळसुद्धा आलं. आई बोलली आणि स्पीकर एकदम शांत झाला. ती थांबली की बाळाचं रडणं परत यायचं.

मी तीन वेळा तपासलं. बिघाड काहीच नव्हता. कॉम्प्युटरला आई गोंगाट वाटत होती.

आईनं खुणेनं विचारलं, काय झालं. मी म्हणालो, वायर सैल आहे.

ती सोय बंद केली. आता किंचाळी टाळायला एकच उपाय होता, माईक आणि स्पीकर यांच्यामध्ये भिंत. स्वयंपाकघराचं दार आम्ही कित्येक वर्षांत लावलेलं नव्हतं. त्यामागं तांदळाचा डबा आणि रिकामा सिलिंडर होता. ते मी हलवले, आईला आत स्टुलावर बसवलं, वायर दाराखालून घेतली आणि दार ओढलं. आई दोन शब्द बोलली आणि अडखळली. स्वतःचा आवाज दारापलीकडून जरा उशिरानं तिला परत ऐकू येत होता, आणि तसं झालं की कुणालाही पुढचं बोलता येत नाही. मी आत जाऊन तिच्या कानांत कापूस घातला. आता घरात दोघं बहिरे होते, आणि व्यवस्था परिपूर्ण होती.

मग आवाज आला. पंख्यासकट, खालच्या रिक्षासकट, पण आला. खरखरीत, मोठा, सगळ्या खोलीभर.

पप्पांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"गॅसचा नंबर कॅलेंडरच्या मागं लिवलाय," आई म्हणत होती. "बीपीची गोळी सकाळची. रात्री घेऊ नका. गण्याला लवकर उठवत जावा, त्याला कंपनीची गाडी चुकती."

"हं," पप्पा म्हणाले. "हं. बरोबर."

"मी लई वरडले तुमच्यावर. लोकांला वाटायचं भांडते. तुम्हाला ऐकू यावं म्हणून वरडायचे. पण समदंच काय वरडून सांगता येत नाही. काही ऱ्हाऊन गेलं."

"बरोबर," पप्पा म्हणाले.

आई थांबली. नुसता पंखा ऐकू येत राहिला. मग ती म्हणाली, "मला भ्या वाटायलंय हो. दवाखान्यात सगळ्यांम्होरं हसते मी. पण लई भ्या वाटायलंय."

"हं. हं," पप्पा म्हणाले. त्यांची नजर स्पीकरच्या जाळीवर होती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. दार बंद होतं. तिचं तोंड त्यांना दिसत नव्हतं. आवाज पोचत होता, शब्द एकही पोचत नव्हता. इतक्या दुरुस्त्या करताना हे आमच्या तिघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

आई पुढं डाळीच्या डब्यांबद्दल काहीतरी बोलली आणि दार उघडून बाहेर आली. परत किंचाळी निघायच्या आत मी स्पीकरचा आवाज खाली आणला. कानातला कापूस काढत ती पप्पांसमोर उभी राहिली. "आलं का ऐकू?"

"आलं," पप्पा म्हणाले. "तुझाच होता."

"काय म्हणले मी?"

पप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "दार लावलं होतं ना. तोंड दिसेना. आवाज तेवढा आला. आता सांग, इथं सांग."

आईनं पदर सारखा केला. माईक अजून पदराला तसाच होता.

"काही नाही," ती म्हणाली. "गॅसचा नंबर सांगत होते. कॅलेंडरच्या मागं हाय." आणि वायर सांभाळत ती चहा ठेवायला आत गेली.

पप्पांनी मला जवळ ओढलं. त्यांना हळू बोलता येत नाही, म्हणून त्यांनी खुणेनंच विचारलं. बोटानं स्पीकर दाखवला, मग हाताचा तळवा आडवा धरून थांबवला. मध्ये ती थांबली होती. त्यानंतरचा आवाज वेगळा होता. तिथं काय म्हणाली?

स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. मी आवाज न काढता नुसते ओठ हलवले. तिला भीती वाटते.

पप्पांनी बोट वर केलं. परत.

मी परत ओठ हलवले. मला वाटतं, पहिल्या वेळीच त्यांना कळलं होतं.

ते उठले, आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. मी माईकची पिन ओढून काढली. त्याचा काही उपयोग झाला नाही. पप्पांचा आवाज दारातून, भिंतीतून तसाच आला. खाली विक्कीनं कात्री थांबवली असणार.

"मलाबी वाटतंय गं!" ते म्हणाले. "मलाबी!"