चिमणीच्या पायावरची माशी

तबेल्यासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. सकाळपासून जागची न हललेली चिमणी चक्क चालत होती! "बुवांचा विजय असो!" लोक ओरडत होते. टाचा उंचावून बघण्याच्या नादात एका बाईंनी माझ्या अंगठ्यावरच उभं राहून घेतलं.

चिमणी ही आमच्या शेजारच्या टांगेवाल्याची एकुलती एक घोडी. नाव चिमणी, भूक हत्तीची. तिच्या चार पायांवर त्याचं घर चालायचं. आदल्या दिवशी फेऱ्या भरपूर झाल्या, म्हणून त्याने लाडाने तिच्यापुढे दोन घमेली जास्तीचा दाणा ओतला. सकाळी पाहतो तो ती पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागच्या पायांवर घेऊन उभी! पोट दुखत असेल असं समजून त्याने तिला ओढत फिरवायचा प्रयत्न केला. पोट दुखणाऱ्या घोड्याला फिरवायचं, ही त्यांची आज्यापासूनची रीत. चिमणी कण्हली, पण पाऊल उचलेना.

मी निवृत्त मास्तर. खुराला हात लावून पाहिला, तर चहाच्या पेल्यासारखा गरम.

"अरे, फिरवू नकोस. हा पायाचा आजार आहे. दाणा बंद कर, पाय बर्फाच्या पाण्यात ठेव."

"मास्तर, तुम्ही पोरं सांभाळा. घोडी आम्ही सांभाळतो."

मीच जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या परगावी होत्या. उद्या सकाळी येणार होत्या. टांगेवाल्याने बोलावलेला मांत्रिक बुवा मात्र दुपारीच आला.

"खुरात अग्निपिशाच्च शिरलंय! पाताळात धाडतो त्याला!" असं गर्जून त्याने चिमणीच्या पुढच्या पायांवर चादर टाकली, खाली हात घातले आणि बराच वेळ पुटपुटत बसला.

"पाताळाचा पत्ता सापडत नसेल," मी म्हणालो.

"शू! गप्प बसा हो भावजी!" टांगेवाल्याची बायको माझ्यावर डाफरली.

चादर निघाली आणि चिमणी चालू लागली! "मैदानाला सात फेरे घाला, पोटभर दाणा चारा," असा हुकूम सोडून बुवा जीपमध्ये बसून पसारही झाला.

तेवढ्यात टांगेवाल्याच्या लेकीने माझी बाही ओढली. ती चौथीत आहे, माझ्याकडे गणितं शिकायला येते.

"आजोबा, चिमणीच्या पायावर माशी बसलीये."

"बसू दे की."

"अहो, पण ती पाय झटकत नाहीये! एरवी माशी बसली की केवढ्याने आपटते!"

मी पुढे झालो आणि खुराच्या वरच्या कातडीला टाचणी टोचली. चिमणी ढिम्म. गुडघ्याच्या वर टोचली, तशी दचकली.

"थांबव रे! पाय बधिर केलेत तिचे! दात काढताना आपला जबडा करतात ना, तसे!"

"चालतेय ना ती? मग?" टांगेवाला म्हणाला. लोकांनी मला बाजूला सारलं. "पप्पा, थांबा ना!" म्हणत लेक लगामाला लोंबकळली, तिलाही उचलून दूर ठेवलं. आम्ही दोघं कुंपणाशी उभे राहून फेरे मोजत राहिलो. दुसरं काय करणार?

ऊन उतरायच्या आत बधिरपणा उतरला. चिमणी गुडघ्यांवर आली, मग आडवी झाली.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पायांवरचे सुईचे ठिपके दाखवले. "चादरीखालून सुई टोचलीये. नस बधिर झाली की दुखणं कळत नाही. मीही हे औषध वापरते, पण नेमकं कुठे दुखतंय ते शोधायला." मग त्या लेकीकडे वळल्या. "तुझं नख बोटाला घट्ट धरून असतं ना? तसं घोडीच्या पायातलं हाड खुराच्या कवचाला धरून असतं. एकदम जास्त दाणा खाल्ला की ती पकड सुजते. चालवलं की तुटते. हाड खाली सरकलंय गं."

"काल थांबलो असतो तर?" टांगेवाल्याने विचारलं.

"कदाचित वाचली असती. आता तिला कळ न लागता जाऊ देणं, एवढंच माझ्या हातात आहे."

त्याने चिमणीचं डोकं मांडीवर घेतलं आणि होकारार्थी मान हलवली. बाईंनी शेवटचं इंजेक्शन भरलं.

"आजोबा, मी आणखी मोठ्याने ओरडायला हवं होतं का?" लेकीने विचारलं.

"नाही गं बाळा. तू सांगितलंस. आम्हा मोठ्यांनाच ऐकू आलं नाही."

म्हणून सांगतो, मुलांनो. लंगडणारं जनावर एकाएकी चालू लागलं, तर टाळ्या वाजवण्याआधी विचारा: दुखणं गेलं, की नुसतं कळायचं थांबलं? आणि उत्तर मिळेपर्यंत त्याला एक पाऊलही चालवू देऊ नका.