सही रत्नमालाची

भिलाईजवळच्या हथखोजला भाऊरावांच्या कारखान्यात पुलांचे लोखंडी सांगाडे बनत. १९९६ साली तिथल्या ऑफिसात दहा-बारा कॉम्प्युटर होते आणि ते सांभाळायला रत्नमाला होती. प्रत्येक मशीनवरचं सॉफ्टवेअर कुणाच्या ना कुणाच्या फ्लॉपीवरून उतरवलेलं. त्यात काही गैर आहे असं तोवर कुणालाच वाटलं नव्हतं, तिलाही नाही.

मग एका जर्मन कंपनीचं मोठं काम मिळायची वेळ आली. त्यांची अट होती की सगळं सॉफ्टवेअर विकत घेतलेलं हवं, तसं लेखी द्यायला हवं, आणि त्यांची माणसं येऊन मशीन तपासणार.

भाऊरावांनी नागपूरच्या दुकानाला भाव विचारला. आकडा ऐकून त्यांनी फोन ठेवला आणि रत्नमालाला केबिनमध्ये बोलावलं.

"सॉफ्टवेअरचा एकच डबा घेऊ. त्यातूनच साऱ्या मशीनवर टाकून दे. कागदावर सही तुही राहील. इन्चार्ज तूच आहे ना?"

"काका, एका डब्याचं लायसन एकाच मशीनले चालते."

"हे तुले मले माहीत. त्याहिले कोन सांगायले जाते?"

तिला सरळ नाही म्हणता येईना. तिचे वडील जानराव भिलाई-३ स्टेशनच्या मालधक्क्यावर कामाला होते, तेव्हापासूनची भाऊरावांशी ओळख. दुर्गच्या कॉम्प्युटर क्लासची तिची फी त्यांनीच भरली होती. घरी तिनं विषय काढला तर जानराव म्हणाले, "त्यानं तुले उभं केलं, पोरी. येवढ्याशा सहीसाठी काहून अडून राहिली?"

पण ती सही तिला झोपू देईना. पकडलं गेलं तर नाव तिचं, आणि काम गेलं तर वर्कशॉपमधल्या माणसांच्या शिव्याही तिलाच.

मग तिनं एक केलं. प्रत्येक टेबलामागे उभं राहून कोण काय वापरतं ते आठवडाभर पाहिलं. ड्रॉइंगवाले दोघे, हिशेबाचं मशीन आणि तिचं स्वतःचं, एवढ्यांनाच सॉफ्टवेअर खरं लागत होतं. बाकीचे गेटपास टाइप करायचे, नाहीतर पत्त्यांचा खेळ खेळायचे. तिनं नागपूरच्या दुकानदाराशी बोलून आधीच्या आवृत्तीचे चार डबे ठरवले. नवी आवृत्ती आल्यामुळे तो ते बरेच स्वस्तात द्यायला तयार होता.

"चार मशीन ठेवू. बाकी पुसून टाकू," तिनं भाऊरावांना सांगितलं. "मंग मी सही करतो."

भाऊरावांनी भाव ऐकला आणि लगेच मान डोलावली.

पुसलेल्या मशीनमध्ये ताराचंही होतं. ती टायपिस्ट, रत्नमालाची रोजची जेवणाची जोडीदारीण. कोपऱ्यातला टाइपरायटर तिच्यासमोर परत आला. "मैत्रीण असून माह्यावरच सुरी चालवली," असं ती सगळ्यांदेखत म्हणाली आणि जेवणाचा डबा उचलून दुसरीकडे जाऊन बसली.

जर्मन माणसं आली, त्यांनी मशीन चालू करून पाहिली, चहा प्यायली, रत्नमालाची सही असलेला कागद घेऊन गेली. काम मिळालं. वर्कशॉपमध्ये पेढे वाटले.

दोन आठवड्यांनी ती ऑफिसात आली तर ताराच्या टेबलावर कॉम्प्युटर सुरू होता. शेजारच्या मशीनवरही तेच. सगळीकडे पुन्हा कॉपी टाकलेली होती.

ती थेट केबिनमध्ये गेली. "काका, हे कोनं केलं?"

"मीच सांगितलं. काम वाढलं ना आता." भाऊरावांनी वर पाहिलंही नाही.

"मंग माही सही परत मागवा."

"तो कागद जर्मनीत गेला, बापा. आता कसा परत येते?" आवाज चढलेला नव्हता, उलट समजुतीचा होता. "नोकरी सोडली तरी नाव तुहंच राहील त्यावर. तू कामाले लाग."

ती टेबलाशी येऊन बसली. राजीनामा दिला तर ती सही अशीच मागे राहणार, दुसऱ्याच्या हवाली. थांबली तर रोज डोळ्यांदेखत खोटी ठरणार.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा तिनं मशीनचे स्क्रू काढायला मेंटेनन्समधून पेचकस आणला. एकेका मशीनवरची कॉपी पुसली आणि ते उघडून फ्लॉपी ड्राइव्हच काढून घेतला, म्हणजे पुन्हा कुणाला फ्लॉपीवरून काही उतरवता येऊ नये. फक्त स्वतःच्या मशीनचा ठेवला. काढलेले सगळे लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

भाऊराव लालबुंद होऊन आले. "किल्ली दे."

"नाही देत, काका. सही माही आहे तोवर किल्ली बी माह्याचपाशी राहील. मले काढाचं असंल तर काढा. पन मंग जर्मनीले मी स्वतः पत्र टाकीन."

ते तिच्याकडे बघत उभे राहिले. अशी बोललेली त्यांनी तिला कधी ऐकली नव्हती. मग ते केबिनमध्ये परत गेले. त्यांनी तिला काढलं नाही, आणि तिच्याशी कामापलीकडे कधी बोललेही नाहीत. जानरावांकडे येणं-जाणंही त्यांनी बंद केलं. वडिलांना त्याचं कारण तिनं सांगितलं. ते नुसतं "बरं" म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले.

दिवाळीनंतर भाऊरावांनी ताराच्या मशीनसाठी पाचवं लायसन घेतलं. ते टाकताना तारा शेजारी उभी होती, पण दोघींत बोलणं झालं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात दुर्गच्या क्लासनं रत्नमालाला शिकवायला बोलावलं. पगार बरा होता, दिवसभर नव्या मुलींमध्ये राहणं होतं. तिला जायचं होतं. पण आपण गेल्याच्या दुसऱ्या दिवशी इथं काय होईल हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती क्लासमध्ये जाऊन म्हणाली, "औंदा नाही जमत, सर."

पुढच्या वर्षी त्यांनी विचारलं नाही.