शेवटच्या अंकातला खंजीर

मी एक जुना खंजीर आहे, आणि मित्रांनो, मी आजवर कुणालाही मारलेलं नाही. तरीही माझ्यामुळे भरलेल्या नाट्यगृहात माणसं किंचाळली आहेत. पहिल्या रांगेतले एक जाडजूड गृहस्थ तर एकदा खुर्चीसकट मागे कोसळले होते. हे सांगताना मी जरा फुशारतो, तेवढं चालवून घ्या.

माझा जन्म एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर झाला. नाटक मंडळीच्या वहिनी त्याच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, दिसायला खरा हवा, लागायला खोटा. त्याने पितळेची पोकळ मूठ केली, तिच्यात स्प्रिंग बसवली आणि पात्याचं टोक घासून बोथट केलं. पातं छातीवर टेकवून दाबलं की ते मुठीत सरकायचं आणि बघणाऱ्याला वाटायचं, गेलं आरपार. मुठीवर एक लाल खडाही आहे. दुरून तो माणिक वाटतो, आणि जवळ कुणाला येऊ द्यायचं नाही हे वहिनींचं काम होतं.

ज्या नाटकासाठी मला घडवलं, ते एका प्रधानाचं नाटक होतं. एक आंधळी म्हातारी त्याला सांगते, तू राजा होशील, पण तुझ्याच हातानं दिलेल्या शस्त्रानं संपशील. पहिल्याच अंकात तो झोपलेल्या राजाला मारतो आणि गादीवर बसतो. मग त्याला भीती घेरते. तो कुणाच्या हातात साधी सुरीही पडू देत नाही. सैनिकांच्या तलवारी काढून घेतो, मित्रांना हाकलतो, पोटच्या मुलीशीही नातं तोडतो. शेवटी साऱ्या राज्यात एकच शस्त्र उरतं, तेही त्याच्याच मुठीत, आणि आपल्याच हातानं ते तो स्वतःच्या छातीत खुपसतो. हे नाटक मला पाठ होतं. तरी दर प्रयोगाला मी थक्क व्हायचो, की इतका हुशार माणूस पळता पळता बरोब्बर तिथंच कसा पोहोचतो.

प्रधानाचं काम दादा करायचे. मंडळीचे मालक तेच, आणि वहिनींचे यजमानही. पहिल्या अंकात मरणारा राजा म्हणजे त्यांचे सख्खे भाऊ, ज्यांना सगळे धाकटे म्हणत. मेल्यावर धाकट्यांना काम नसे. पांढरा रंग फासलेल्या तोंडाने ते विंगेत बसून चहा पीत, आणि वहिनी म्हणत, मेलेल्या माणसाला इतकी साखर चालत नाही.

आमच्या मंडळीत एक रीत होती. ज्याच्या अंगावर मी चालायचो, त्यानंच मला आधी तळहातावर दाबून बघायचं आणि मारणाऱ्याला सांगायचं, "मऊ आहे." हा शब्द ऐकल्याशिवाय पडदा वर जात नसे. शेवटच्या अंकात मी दादांच्याच छातीवर चालायचो, पण मधल्या वेळात त्यांना पोशाख बदलायचा असे. म्हणून त्यांच्या वतीनं धाकटे मला तपासायचे, "मऊ आहे" म्हणायचे आणि सिंहासनावर नेऊन ठेवायचे. तो शब्द ऐकल्यावर दादांनी कधी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. त्यांना अभिनयात हातचं राखणं ठाऊक नव्हतं. सारा जोर लावून ते मला छातीवर मारून घेत.

धाकट्यांना प्रधानाचं काम हवं होतं. त्यांचा एकेक शब्द तोंडपाठ होता, आवाज दादांपेक्षा खणखणीत होता. दादा दर वर्षी म्हणत, पुढच्या वर्षी तूच कर, आणि पुढचं वर्ष आलं की विसरत. धाकट्यांचे केस कानापाशी पांढरे झाले. मग एकदा राजधानीतल्या मोठ्या नाट्यगृहाचं बोलावणं आलं. जाहिरात छापून आली, तिच्यावर दादांचा एकट्याचाच चेहरा होता. धाकटे ती जाहिरात बराच वेळ हातात घेऊन बसले होते. जाण्याआधीचा शेवटचा प्रयोग त्याच संध्याकाळी होता.

त्या संध्याकाळी पहिला अंक नेहमीसारखा झाला. मग मधल्या वेळात धाकट्यांनी मला उचललं, कोपऱ्यात नेलं आणि आगकाडीचा तुकडा मुठीच्या फटीत घट्ट ठोकला. माझं पातं जागच्या जागी अडकलं. त्यांनी मला तळहातावर दाबलं तेव्हा पातं आत गेलं नाही. मित्रांनो, माणसाचा हात इतका गार पडलेला मी कधी अनुभवला नव्हता. दादा मरावेत असं त्यांच्या मनात नव्हतं. एखादी बरगडी मोडेल, दादा अंथरुणाला खिळतील, आणि राजधानीत प्रधान आपण होऊ, एवढाच त्यांचा हिशेब होता.

दादा मुकुट सावरत आले. त्यांनी विचारलं, "काय रे, झालं?"

"मऊ आहे," धाकटे म्हणाले.

पडदा वर गेला. मी सिंहासनावर पडून होतो, आणि मला ओरडता येत नव्हतं. दादांनी मला हातात घेतलं आणि प्रधानाचं शेवटचं, स्वतःलाच फसवणारं भाषण सुरू केलं. "मी राजाला कुठं मारलं? मी फक्त पहारेकऱ्याला झोपू दिलं. तेवढंच केलं मी. बाकी सगळं माझ्या मागून चालत आलं." दादांनी मला दोन्ही हातांनी उंच धरलं.

तेवढ्यात विंगेतून मेलेला राजा रंगमंचावर आला.

नाटकात तो कधीच परत येत नाही. पांढऱ्या चेहऱ्याचे, छातीवर लाल डाग असलेले धाकटे सरळ दादांसमोर आले आणि त्यांनी हात पुढे केला. त्यांच्या गालावरचा रंग ओघळत होता.

"दादा, तो मला दे."

राजा प्रधानाला दादा म्हणाला, हे शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. दादांना वाटलं असेल, याचं डोकं फिरलं. पण त्यांनी भावाचा चेहरा पाहिला, मला खाली आणलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्या क्षणी सगळ्या सभागृहाला आंधळ्या म्हातारीचं बोलणं आठवलं. प्रधानानं आपल्या हातानं शस्त्र दिलं होतं. असा थरार मी पुन्हा कधी पाहिला नाही.

ओठ न हलवता दादा पुटपुटले, "आता मार."

"नाही मारता येत," धाकटे म्हणाले. दादांनी गुडघे टेकले, आणि प्रधान कुठलाही घाव न लागता राजाच्या पायाशी कोसळला. पडदा पडला. पलीकडे अजून कुणी टाळी वाजवली नव्हती.

दादांनी उठून मला घेतलं आणि तळहातावर दाबलं. एकदा, पुन्हा एकदा. मग खाली बघत ते इतकंच म्हणाले, "तू मऊ म्हणालास."

धाकट्यांनी होकारार्थी मान हलवली. वहिनींनाही सारं समजलं. तेवढ्यात बाहेर टाळ्यांचा कडकडाट सुरू झाला, आणि पडदा पुन्हा वर जायला हवा होता. दादांनी भावाचं मनगट धरलं, त्यांना ओढत पुढे नेलं आणि दोघं एकदम वाकले. ते मनगट त्यांनी किती घट्ट धरलं होतं, ते धाकट्यांनाच ठाऊक.

राजधानीत पहिल्या प्रयोगाच्या मधल्या वेळात दादांनी मला पुन्हा धाकट्यांपुढे धरलं. वहिनी मध्ये आल्या. त्या म्हणाल्या, "त्याच्याकडे नका देऊ. माझ्याकडे द्या."

"आता त्याच्याइतकं नीट कुणी तपासणार नाही," दादा म्हणाले आणि पोशाख बदलायला निघून गेले.

मित्रांनो, मी पाती पुष्कळ पाहिली, पण त्या वाक्याइतकं खोल गेलेलं एकही पाहिलं नाही. धाकटे मला कितीतरी वेळ दाबत राहिले. त्यांचा तळहात लालभडक झाला. दुसऱ्या वर्षी दादांनी खरोखरच त्यांना प्रधानाचं काम देऊ केलं, तेव्हा ते नको म्हणाले.

आता मी नाट्यगृहाच्या काचेच्या कपाटात असतो. स्प्रिंगवर गंज चढला आहे. तुम्ही शाळेतून बघायला येता, माझ्याखालच्या चिठ्ठीवर 'नकली' वाचता आणि हसता. खुशाल हसा. फक्त कधीतरी कुणी तुमच्या शब्दावर डोळे मिटून पुढे निघालं, तर तो शब्द द्यायच्या आधी एकदा थांबा. त्या माणसाला वळून बघण्याची सवय राहिलेली नसते.